खानदेशातील घरगुती जलतरण तलावासाठी परवडणारा क्लोरीन कसा निवडावा

जळगाव, भुसावळ आणि धुळे परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्यामुळेच मळ्यातल्या घराशेजारी लहानसा जलतरण तलाव बांधून घेणारी कुटुंबे आता पूर्वीसारखी विरळ राहिलेली नाहीत. बांधकामाच्या वेळी ठेकेदार फरशी, पंप आणि फिल्टरविषयी भरभरून बोलतो; मात्र ते पाणी रोजच्या रोज निर्जंतुक ठेवायला काय लागेल, हे बहुधा पहिले पाणी हिरवे पडल्यावरच कळते. मग मुंबई-पुण्याकडच्या माहितगारांना विचारून सल्ला घेतला जातो आणि तो इथे लागू पडत नाही. याची तीन कारणे आहेत. इथले ऊन पाण्यातला क्लोरीन झपाट्याने खाते, इथल्या बहुतेक बोअरचे पाणी मुळातच जड, म्हणजे क्षारांचे असते, आणि उन्हाळ्यात तलाव रिकामा करून पुन्हा भरण्याइतके पाणी कोणाकडेच नसते. म्हणून क्लोरीनचा भाव पाहताना, तो वापरल्यामुळे आपल्याला किती पाणी फेकून द्यावे लागणार आहे, हेही त्या भावात धरले पाहिजे. हा हिशेब केला की दुकानात महाग वाटणारा माल कधी स्वस्त पडतो आणि स्वस्त वाटणारा कधी फार महाग पडतो.

आधी आपल्या तलावाचे माप

तलावात किती लिटर पाणी मावते, हे माहीत नसेल तर पुढचे कोणतेही गणित जमत नाही. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणावी आणि आलेल्या आकड्याला हजाराने गुणावे. उदाहरणार्थ, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी असते. अशा तलावात क्लोरीनची पातळी १ पीपीएमने, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमने वाढवायची असेल तर निव्वळ ४० ग्रॅम क्लोरीन लागतो. उघड्यावरच्या तलावात भर उन्हाळ्यात रोज साधारण ३ पीपीएम क्लोरीन खर्च होतो असे धरले, तर दिवसाला १२० ग्रॅम आणि महिन्याला साडेतीन किलोच्या वर निव्वळ क्लोरीन हवा. पुढचे सगळे आकडे याच तलावासाठी दिले आहेत. आपला तलाव लहान-मोठा असेल त्या प्रमाणात ते कमी-जास्त करून घ्यावेत.

भाव किलोचा नव्हे, क्लोरीनचा काढावा

बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक मालात क्लोरीनचे प्रमाण वेगळे असते. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत ६५ ते ७० टक्के, टीसीसीए म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ९० टक्के, एसडीआयसी या दाणेदार पावडरीत ५६ ते ६० टक्के, आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात १० ते १२ टक्के. पिशवीवर किंवा कॅनवर छापलेला हा आकडा आणि उत्पादनाची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. किलोच्या किमतीला या टक्केवारीने भागून शंभराने गुणले की एक किलो निव्वळ क्लोरीन केवढ्याला पडतो ते कळते. समजा, दुकानदाराने १० टक्क्यांचे द्रावण २० रुपये लिटर आणि ९० टक्क्यांच्या गोळ्या ३०० रुपये किलो सांगितल्या. हे भाव उदाहरणापुरतेच घेतले आहेत. आपल्या दुकानातला भाव त्यांच्या जागी घालावा. या हिशेबाने द्रावणातला क्लोरीन २०० रुपये किलो आणि गोळ्यांतला सुमारे ३३३ रुपये किलो पडतो. मात्र तेच द्रावण दुकानाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये पडून सहा टक्क्यांवर आले असेल, तर त्यातला क्लोरीनही ३३३ रुपयांनाच पडतो, आणि कॅन वाहून आणण्याची मेहनत वर जाते. खरेदी करताना ताजेपणाला भावाइतकेच महत्त्व द्यावे लागते, ते यामुळे.

टीसीएल पावडर

ग्रामपंचायतीच्या टाकीत पडणारी ही पावडर गावोगाव ओळखीची आहे आणि क्लोरीनच्या हिशेबाने बहुधा सर्वांत स्वस्त तीच असते, त्यामुळे पहिला विचार तिचाच येतो. आपल्या तलावाला ती रोज सुमारे ३६० ग्रॅम लागेल. अडचण अशी, की तिच्यातला मोठा भाग चुना असतो. पावडर सरळ तलावात टाकली तर पाणी दुधाळ होते, फरशीवर पांढरा थर बसतो आणि फिल्टरची वाळू गच्च होते. गावचा जलसुरक्षक करतो तसे प्लास्टिकच्या बादलीत पावडर कालवून, तासभर ठेवून वरची निवळी तेवढी वापरली तर गाळ टळतो, पण विरघळलेले कॅल्शियम निवळीबरोबर येतेच. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्याची कठीणता सुमारे १४ पीपीएमने वाढते. म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या घरात. त्यातच ओलावा लागलेली किंवा उघड्या पोत्यातली पावडर उन्हाळ्यात लवकर निकामी होते आणि तसे ती दिसण्यावरून कळत नाही. माझ्या मते टीसीएल ही रोजच्या वापराची वस्तू नाही. रिकाम्या तलावाची शेवाळलेली फरशी घासायला, किंवा द्रावण मिळाले नाही अशा एखाद्या दिवशी निवळीच्या रूपाने, एवढाच तिचा उपयोग ठेवावा.

कॅल्शियम हायपोक्लोराइट

हा टीसीएलचाच शुद्ध, दाणेदार भाऊबंद म्हणता येईल. रोज सुमारे १८५ ग्रॅम पुरतो, कोरड्या जागी चांगला टिकतो आणि गाळ कमी करतो. कठीणतेची भर टीसीएलच्या निम्मी, म्हणजे १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम असते. ज्यांच्याकडे धरणाचे, नगरपालिकेचे मऊ पाणी येते त्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय आहे. परंतु बोअरच्या पाण्यावर भरलेल्या तलावाचे काय होईल, हे ठिबकवर केळी किंवा कापूस करणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही: ज्या क्षारांनी ड्रीपर चोंदतात आणि ज्यांच्यासाठी नळ्यांना अ‍ॅसिड सोडावे लागते, तेच क्षार तलावाच्या टाइल्सवर पाण्याच्या रेषेत पांढरी किनार धरतात. शिवाय मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जाते असे धरले, तर आपल्या तलावातून रोज ३२० लिटरची वाफ होते. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात, आणि भरीला आपण पुन्हा जड पाणीच सोडतो. अशा पाण्यात क्लोरीनबरोबर आणखी कॅल्शियम घालणे शहाणपणाचे नाही.

गोळ्या: सोयीच्या, पण हिशेबाने

तरंगत्या डब्यात चार गोळ्या टाकल्या की आठवडाभर पाहायला नको, या सोयीमुळे दुकानदार आणि तलावाची देखभाल करणारे लोक बहुतेकदा टीसीसीएच्या गोळ्याच सुचवतात. ९० टक्के क्लोरीन असल्याने रोज सुमारे १३५ ग्रॅमच लागतात, साठवण सोपी असते, आणि कॅल्शियमची भर पडत नाही. गोळी आम्लधर्मी असल्यामुळे बोअरच्या अल्कधर्मी पाण्याचा चढता पीएचही (पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) ती थोडा खाली ओढते, ही खानदेशातल्या पाण्यापुरती तिची खरी जमेची बाजू आहे.

गोळीतला क्लोरीन मात्र सायन्युरिक अ‍ॅसिडला बांधलेला असतो. क्लोरीन खर्च होतो आणि सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यातच राहते. हे द्रव्य मुळात वाईट नाही. किंबहुना उघड्यावरच्या तलावाला ते आवश्यकच आहे, कारण ते नसेल तर कडक उन्हात पाण्यातला निम्मा क्लोरीन पाऊण तासाच्या आत उडून जातो. त्याचे प्रमाण ३० ते ५० पीपीएम असले की क्लोरीनला उन्हापासून पुरेसे संरक्षण मिळते. त्यापुढे जसजसे ते वाढते, तसतसा क्लोरीन बांधला जाऊन सुस्त होतो आणि तेवढेच काम करून घ्यायला पातळी अधिकाधिक वर ठेवावी लागते. साधारण नियम असा, की मोकळा, म्हणजे अजून खर्ची न पडलेला क्लोरीन सायन्युरिक अ‍ॅसिडच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. ते ४० असेल तर किमान ३ पीपीएम क्लोरीन चालतो. ते १६० झाले तर किमान १२ लागतो.

१६० हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. गोळ्यांमधून येणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड येते. रोज ३ प्रमाणे महिन्याला ९० पीपीएम क्लोरीन दिला तर महिन्याला ५४ पीपीएम त्याची भर पडते, आणि मार्चमध्ये सुरू केलेला तलाव मेअखेर १६० वर पोहोचतो. चाचणीच्या रंगात क्लोरीन भरपूर दिसत असतानाही पाणी हिरवे का पडते, याचे उत्तर बहुधा इथेच असते. बाष्पीभवनाने हे द्रव्य जात नाही, साध्या वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी बदलणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय. प्रमाण निम्म्यावर आणायचे तर निम्मे पाणी, म्हणजे २० हजार लिटर काढून नवे भरावे लागते. मे महिन्यात, शेजारच्या वस्तीवर टँकरची वाट पाहिली जात असताना, दहा हजार लिटरचे दोन टँकर तलावात ओतायचे म्हटल्यावर गोळ्यांची किंमत नेमकी किती झाली, हे ज्याने त्याने पाहावे.

एसडीआयसी पावडर झटकन विरघळते आणि पीएच फारसा हलवत नाही, पण सायन्युरिक अ‍ॅसिडची भर ती गोळ्यांपेक्षाही जास्त, १० पीपीएममागे ९ पीपीएम घालते. रोजच्या वापरातून तिला वगळावे.

द्रावण

सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला दुकानात नुसते ‘हायपो’ म्हटले तरी चालते, ते या सगळ्यांत कमी दिखाऊ आणि माझ्या मते आपल्या भागासाठी सर्वांत योग्य. त्यातून ना कॅल्शियम येते, ना सायन्युरिक अ‍ॅसिड. मागे उरते ते थोडे मीठ, महिन्याला सुमारे १५० पीपीएम, ज्याचा पोहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ते तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तलावाचा पीएच कायम चढता ठेवते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे: घातल्याबरोबर पीएच किंचित वर जातो, पण क्लोरीन आपले काम करून खर्ची पडतो तेव्हा तो जवळजवळ पूर्वपदावर येतो. पीएच चढत राहतो तो मुख्यतः बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे, आणि तो उतरवायला अधूनमधून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागते. हा खर्च द्रावणाच्या हिशेबात प्रामाणिकपणे धरावा. पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा. तो ८ च्या पुढे गेला की क्लोरीनचा जंतू मारणारा अंश बराच घटतो आणि क्षारही बसू लागतात.

द्रावणाचा खरा शत्रू उष्णता आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा ऱ्हास तीन-चार पटींनी वाढतो. ४० अंशांच्या आसपास १२ टक्क्यांचे द्रावण महिना-दीड महिन्यात निम्म्यावर येते; तापलेल्या पत्र्याखाली त्याहून लवकर. म्हणून ३५ लिटरचे तीन कॅन एकदम घेतल्यास मिळणारी सूट फसवी असते. आपल्या तलावाला दिवसाला सुमारे सव्वा लिटर, महिन्याला एक कॅन लागतो; एका वेळी एकच कॅन घ्यावा, जळगावच्या एमआयडीसीत किंवा जवळच्या शहरात ज्या केमिकलवाल्याकडे माल सतत फिरता असतो त्याच्याकडून घ्यावा, आणि सकाळी उन्हाआधी घरी आणावा. ठेवायला जाड भिंतीची, अंधारी, हवेशीर खोली निवडावी. झाकण वायू बाहेर पडू देणारे असते, ते घट्ट आवळून बंद करण्याचा प्रयत्न करू नये. माल जास्त दिवस ठेवणे भागच असेल तर त्यात तितकेच आरओचे पाणी मिसळून ठेवावे. पातळ द्रावण पुष्कळ सावकाश उतरते. बोअरचे पाणी त्यासाठी वापरू नये, कारण त्यातला चुना लगेच गाळ धरतो. करोनाच्या काळात फवारणीसाठी आणलेले कॅन अजून काही गोदामांत दिसतात. ते फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

द्रावणाची ताकद घरी तपासता येते. पिण्याच्या थंड पाण्याचा २० लिटरचा जार आरओच्या पाण्याने भरून घ्यावा. सुई नसलेल्या सिरिंजने त्यात बरोबर १ मिलिलिटर द्रावण घालावे, नीट ढवळावे आणि तलावासाठीच्या, गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी किटने क्लोरीन मोजावा. वाचन ५ पीपीएम आले तर द्रावण १० टक्क्यांचे आहे, ३ आले तर ६ टक्क्यांचे. हे पाणी अर्थातच पिऊ नये, आणि जार धुऊन घ्यावा. नवा कॅन आल्यावर एकदा आणि तो निम्मा संपल्यावर एकदा ही तपासणी केली, तर रोजचे माप किती वाढवायचे ते कळते आणि दुकानदारही पुढच्या वेळी जुना माल देत नाही.

मिठापासून जागेवर क्लोरीन तयार करणारे यंत्रही मिळते. ४० हजार लिटरसाठी सुरुवातीलाच १२० ते १६० किलो मीठ लागते, जड पाण्यात त्याच्या पट्ट्यांवर क्षार चढतात, आणि काही वर्षांनी त्या पट्ट्यांचा महागडा संच (सेल) बदलावा लागतो. त्यातून ते खारे पाणी कधी सोडायचे झाले तर केळीच्या बागेत सोडता येत नाही. वर्षाचे चारच महिने वापरायच्या तलावाला हा थाट परवडत नाही. किराणा दुकानातल्या कपड्यांच्या ब्लीचमध्ये क्लोरीन जेमतेम चार-पाच टक्के असतो आणि काहींत सुगंध व साबण असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही.

प्रत्यक्ष व्यवस्था कशी लावावी

हंगामाच्या सुरुवातीला नव्या पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड शून्य असते. ते ४० पीपीएमवर न्यायला आपल्या तलावाला १.६ किलो लागते; स्टॅबिलायझर म्हणून मिळणारी पावडर जुन्या मोज्यात बांधून पाणी परत येणाऱ्या तोंडासमोर लटकवली की ती काही दिवसांत विरघळते. दुसरा, मला अधिक पसंत असलेला मार्ग असा, की पहिले तीन आठवडे गोळ्याच वापराव्यात. तेवढ्या काळात त्यांच्यातूनच सुमारे ४० पीपीएम येते, म्हणजे एकाच पैशात क्लोरीनही झाला आणि स्टॅबिलायझरही. सुरुवातीचे काही दिवस मात्र संरक्षण अपुरे असल्याने क्लोरीन लवकर उडेल. तेव्हा संध्याकाळी थोडे द्रावण जोडीला द्यावे. काळ्या ठिपक्याच्या नळीने सायन्युरिक अ‍ॅसिडची चाचणी घेऊन ४० झाल्याची खात्री झाली की डबा तलावातून काढून ठेवावा आणि द्रावणावर यावे. पुढे लग्नाला किंवा गावाला आठ-दहा दिवस जायचे असेल तेव्हाच गोळ्या बाहेर काढाव्यात.

द्रावण सूर्यास्तानंतर घालावे, म्हणजे त्याला रात्रभर उन्हाचा त्रास न होता काम करता येते. पंप चालू असताना, परतीच्या तोंडासमोर बारीक धारेने ओतावे आणि नंतर तासभर तरी पंप चालू ठेवावा. भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच ही वेळ ठरवावी. रात्री मोजलेला क्लोरीन सकाळी उन्हे येण्याआधी पुन्हा मोजला आणि त्यात १ पीपीएमपेक्षा जास्त घट दिसली, तर पाण्यात शेवाळाने मूळ धरले आहे असे समजावे आणि पातळी काही दिवस चढती ठेवावी. मोजण्यासाठी ग्रामपंचायतीत ओटी टेस्टला वापरतात ते पिवळा रंग देणारे द्रावण पुरेसे नाही, कारण ते मोकळा आणि खर्ची पडलेला क्लोरीन एकत्रच दाखवते; गुलाबी रंग देणारे डीपीडी घ्यावे.

क्लोरीन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय रसायनांच्या दुकानात मिळतच नाही. रोपवाटिकेसाठी वापरतात ती हिरवी शेडनेट तलावावर दुपारपुरती ताणली, तर ऊन, धूळ, कडुनिंबाचा पाला आणि बाष्पीभवन ही चारही एकदम कमी होतात. तेल लावलेल्या आणि शेतातून थेट आलेल्या मंडळींना आधी अंघोळ करायला लावली तरीही फरक दिसतो.

साठवण करताना

मळ्यातल्या घरात एकच कोठी असते आणि तिच्यात युरियाची पोती, डिझेलचा ड्रम, फवारणीची औषधे आणि अ‍ॅसिडचा कॅन शेजारी शेजारी असतात. क्लोरीनच्या कोणत्याही मालाला ही जागा चालत नाही. टीसीसीएच्या गोळ्या आणि युरिया ओलाव्यात एकत्र आले तर स्फोटक द्रव्य तयार होऊ शकते. गोळ्या आणि टीसीएल किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तरी आग लागण्याचा किंवा स्फोटाचा धोका असतो, म्हणून ज्या डब्यात गोळ्या होत्या त्यात दुसरा कोणताही क्लोरीन भरू नये. द्रावणात अ‍ॅसिड पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. तेव्हा दोन्हींची मापे वेगळ्या रंगांची ठेवावीत आणि अ‍ॅसिड सकाळी, द्रावण संध्याकाळी अशी वेळच वेगळी लावून घ्यावी. कोरडी पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. अ‍ॅसिडलाही तोच नियम. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि हे काम मुलांवर किंवा नव्या सालदारावर सोपवू नये.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ऊन उतरते आणि तलाव भरून वाहू लागतो. त्या पाण्याबरोबर क्षार आणि सायन्युरिक अ‍ॅसिड दोन्ही विरळ होतात, आणि क्लोरीनची गरज पुष्कळ कमी होते. मेअखेर नवा कॅन घेण्याआधी हे लक्षात घ्यावे. उरलेले द्रावण पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. ते तलाव बंद करताना शेवटच्या मात्रेत संपवावे. गोळ्या मात्र कोरड्या राहिल्या तर पुढच्या मार्चमधल्या पहिल्या तीन आठवड्यांसाठी चालतात.